कोल्ट्रेन एकोणतिसाव्या वर्षापर्यंत कुठे होता?

मागच्या अंकात सॅक्सोफोनच्या रियाजाबद्दल लिहिताना जॉन कोल्ट्रेन या अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादकाचा उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली चार या वेळी घेते.

प्रश्न : ताई, माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. सतराव्या वर्षी त्याने सॅक्सोफोन हातात घेतला. कॉलेज करून लग्नसराईत एका बँडमध्ये वाजवतो. जॅझचं वेड लागलंय, खोलीत कोल्ट्रेनचा फोटो लावलाय. आमच्या ओळखीच्या एका जाणकारांचं म्हणणं असं, की हे मोठे कलाकार लहानपणीच चमकतात, सतरावं म्हणजे फार उशीर झाला, आणि वरातीत वाजवून तर उरलासुरला हातही बिघडतो. कोल्ट्रेन या वयात काय करत होता? मुलाला थांबवू का?
— एक वडील, सांगली

उत्तर : थांबवू नका.

तुमच्या मुलाच्या वयाचा असताना कोल्ट्रेन हवाई बेटांवर अमेरिकन नौदलाच्या तळावर होता. कधी स्वयंपाकघरात काम, कधी पहारा, आणि बाकीच्या वेळात तळावरच्या ‘मेलडी मास्टर्स’ नावाच्या डान्स बँडमध्ये वादन. बँड गोऱ्यांचा, त्यामुळे हा त्यात सभासद नव्हता, पाहुणा म्हणून वाजवायचा. १३ जुलै १९४६ ला त्याने नौदलातल्या काही साथीदारांबरोबर खासगी रेकॉर्डिंग केलं. ते आज ऐकायला मिळतं. मुलाला जरूर ऐकवा. त्यात आल्टो, म्हणजे लहान, वरच्या सुरांच्या सॅक्सोफोनवर त्या काळचा गाजलेला आल्टोवादक चार्ली पार्कर याच्या मागे धावणारा एक मेहनती पोरगा ऐकू येतो. स्वतःचं असं त्याच्याकडे अजून काही नाही. तेवढ्यावरून कोणी त्याचं भविष्य सांगितलं असतं असं मला वाटत नाही.

आता पहिल्यापासून सांगते. जन्म २३ सप्टेंबर १९२६ चा, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या हॅम्लेट गावी. पुढच्या काही महिन्यांतच कुटुंब हाय पॉइंटला आलं. हे फर्निचरच्या कारखान्यांचं गाव. काळ्यांची वस्ती वेगळी, शाळा वेगळी. आईचे वडील रेव्हरंड विल्यम ब्लेअर चर्चमध्ये वजन असलेले धर्मोपदेशक. एकाच घरात आजी-आजोबा, जॉन आणि त्याचे आईवडील, मावशी, तिचा नवरा आणि मावसबहीण मेरी. वडील शिंपी होते, कपडे शिवून-इस्त्री करून द्यायचं दुकान चालवायचे आणि घरी आल्यावर हौसेने व्हायोलिन नाहीतर युकुलेले काढून बसायचे. आई गायची, पियानो वाजवायची. घर खाऊनपिऊन सुखी होतं.

जॉन बारा वर्षांचा झाला आणि हे घर काही महिन्यांत कोसळलं. डिसेंबर १९३८ मध्ये आजोबा गेले. नवं वर्ष लागताच वडील गेले. उन्हाळा यायच्या आत आजी. आईला गोऱ्यांकडे कामाला जायची वेळ आली.

त्याच १९३९ साली रेव्हरंड वॉरन स्टील यांनी वस्तीतल्या मुलांसाठी एक बँड उभा केला. जॉनला आधी आल्टो हॉर्न हे पितळी वाद्य मिळालं, मग क्लॅरिनेट. तोवर शाळेत बऱ्यापैकी हुशार असलेला हा मुलगा त्यानंतर वाद्यालाच चिकटला. मी इतकी वर्षं शिकवते आहे. घरातलं माणूस गेल्यावर वाद्य एकदम जवळ केलेली मुलं मी पाहिली आहेत. फुंकून वाजवायच्या वाद्यात सगळं लक्ष श्वासावर ठेवावं लागतं, तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही शिरत नाही. जॉनच्या बाबतीत असंच झालं का, हे कोण सांगणार? पण त्या वर्षीच्या घटना मी एकीपुढे एक ठेवून वाचते तेव्हा मला तो मुलगा दिसतो.

सॅक्सोफोनची ओढ लागली ती रेडिओमुळे. काउंट बेसीच्या बँडमधला लेस्टर यंग आणि ड्यूक एलिंग्टनकडचा जॉनी हॉजेस हे दोघं त्याच्या कानात बसले. गावातल्या एका हॉटेलवाल्याकडे जुना सॅक्सोफोन पडून होता, तो उसना घेऊन त्याने सुरुवात केली. म्हणजे पंधरा-सोळाव्या वर्षी, तेही दुसऱ्याच्या वाद्यावर. तुमच्या मुलापेक्षा एखाददुसरं वर्ष आधी, इतकाच फरक.

१९४३ च्या जूनमध्ये शाळा संपवून तो मित्रांबरोबर फिलाडेल्फियाला गेला. उत्तरेकडे काम होतं, मजुरी बरी होती. साखरेच्या कारखान्यात राबला, नंतर कॅम्पबेलच्या सूपच्या कारखान्यात. आईने त्याला स्वतःचा आल्टो घेऊन दिला. ऑर्नस्टीन संगीतशाळेत माइक ग्वेरा नावाच्या शिक्षकांकडे तो रीतसर शिकायला लागला. कामावरून आला की रियाज. रात्री शेजारीपाजारी झोपले की फुंक न मारता नुसती बोटं चालवायची. हे तुमच्या मुलालाही चाळीत, फ्लॅटमध्ये करता येईल, आणि त्याने बोटं खरोखर साफ होतात. माझे विद्यार्थी करतात.

५ जून १९४५ ला फिलाडेल्फियातल्या ‘अकॅडमी ऑफ म्युझिक’मध्ये ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीचा कार्यक्रम होता. सोबत चार्ली पार्कर. अठरा वर्षांचा कोल्ट्रेन आपला धाकटा मित्र बेनी गोल्सनबरोबर ऐकायला गेला. गोल्सनही पुढे मोठा सॅक्सोफोनवादक आणि संगीतकार झाला. पार्कर ऐकल्यावर जॉनी हॉजेसचा तो गोड, लांबवलेला सूर कोल्ट्रेनला पुरेना. हे पचवायच्या आतच नौदलात जावं लागलं. भरतीचा दिवस ६ ऑगस्ट १९४५, म्हणजे ज्या दिवशी हिरोशिमावर बॉम्ब पडला तोच.

आता तुमच्या जाणकारांच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येते, कारण तो मला जास्त लागला आहे. वरातीत वाजवून हात बिघडतो म्हणे.

१९४६ ला सुटून आल्यावर पुढची नऊ वर्षं कोल्ट्रेन दुसऱ्यांच्या बँडमध्ये पोटासाठी वाजवत होता. नाचाचं, करमणुकीचं संगीत. एडी व्हिन्सन नावाच्या गायकाकडे त्याला काम मिळालं. व्हिन्सन स्वतः आल्टो वाजवायचा, म्हणून कोल्ट्रेनला टेनर, म्हणजे आल्टोहून मोठा, खालच्या सुरांचा सॅक्सोफोन उचलावा लागला. ज्या वाद्यावर तो जगभर ओळखला जातो ते हातात आलं ते असं, नोकरीची गरज म्हणून. आणि टेनर धरल्यावर ऐकण्याचा आवाकाही वाढला. आल्टोवर त्याच्यासमोर एकटा पार्कर उभा होता. टेनरवर वेगवेगळ्या ढंगाचे अनेक वादक होते, आणि एकाच माणसाच्या सावलीतून तो बाहेर आला.

१९४९ मध्ये गिलेस्पीच्या मोठ्या बँडमध्ये जागा मिळाली, पण तिथे पुन्हा आल्टो. बँड मोडून छोटा झाला तेव्हा टेनर. त्यानंतर अर्ल बॉस्टिक या सॅक्सोफोनवादकाचा बँड. बॉस्टिकच्या तबकड्या बाजारू म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत, पण वाद्यातून काय काय निघू शकतं हे त्याच्याइतकं फार थोड्यांना ठाऊक होतं, आणि कोल्ट्रेन ते त्याच्याकडून शिकला. मग १९५४ मध्ये साक्षात जॉनी हॉजेस. रेडिओवर ज्याला ऐकून सुरुवात केली त्याच्या शेजारी बसायला मिळालं.

या सगळ्याच्या मधेमधे फिलाडेल्फियाच्या बारमध्येही तो वाजवायचा. तिथे गिऱ्हाइकांना खूश करायला टेनरवाल्याने बारच्या काउंटरवर चढून, ग्लास चुकवत, वाजवत चालायचं अशी पद्धत होती. एकदा कोल्ट्रेन असाच काउंटरवर असताना दारातून बेनी गोल्सन आत आला. मित्राला पाहून कोल्ट्रेन खजील झाला, खाली उतरला आणि सरळ निघून गेला. गोल्सनने हा किस्सा पुढे अनेकदा सांगितला. मला त्यात लाजण्यासारखं काही दिसत नाही. काउंटरवर चढून, माणसांच्या गोंगाटावर सूर पोचवणं सोपं नाही.

माझे वडील नाशिकला लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. उन्हात, चालत, घोड्यापुढे, एक गाणं संपायच्या आत दुसऱ्याची फर्माईश. कुठलंही गाणं कुठल्याही पट्टीत उचलायची त्यांची तयारी मी नंतर मोठमोठ्या स्टुडिओंतल्या वादकांमध्येही फार थोड्यांकडे पाहिली. त्यांच्याबद्दल कोणी ‘बँडवाला’ म्हणून हलकं बोललं की मला आजही राग येतो. वरातीने दम तयार होतो, पाठांतर तयार होतं, समोरच्या माणसाकडे पाहून वाजवायची सवय लागते.

बिघडू शकते ती ओठांची पकड. तासन्‌तास मोठ्याने फुंकताना माणूस दमतो आणि खालच्या ओठाने रीड, म्हणजे तोंडातली कंप पावणारी पातळ पट्टी, दाबायला लागतो. आवाज चिरका होतो, खालचे सूर निघेनासे होतात. त्याला उपाय आहे. वरातीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा तास फक्त खर्जाचे लांब सूर, जितके हळू निघतील तितके हळू. गाणं नाही, तान नाही. हे त्याने नेमाने केलं तर वरातीने काही बिघडणार नाही.

आणि दुसरं, जे कोल्ट्रेनने त्या नऊ वर्षांत कधी सोडलं नाही, ते शिक्षण. सैनिकांना सरकारकडून शिक्षणाचा खर्च मिळत होता. त्यावर तो फिलाडेल्फियातल्या ग्रॅनॉफ स्टुडिओत डेनिस सँडोल यांच्याकडे शिकला. सँडोल गिटारवादक. ते त्याला सॅक्सोफोन कसा धरायचा हे शिकवत नव्हते, स्वरसंवाद शिकवत होते, एका षड्जावरून दुसऱ्यावर कोणकोणत्या वाटांनी जाता येतं ते. शिवाय कोल्ट्रेन पियानोची, हार्पची पुस्तकं सॅक्सोफोनवर वाजवायचा, कारण सॅक्सोफोनसाठी लिहिलेल्या धड्यांत न येणाऱ्या उड्या त्यांत असतात. रात्री बारमध्ये, दिवसा सँडोलकडे. तुमच्या मुलाकडे वरात आहे, दिवसाचं कोणी आहे का ते पाहा. सांगली-मिरजेत सॅक्सोफोनचा शिक्षक नसला तर चांगल्या गायकाकडे नाहीतर हार्मोनियमवाल्याकडे पाठवा. सँडोलही सॅक्सोफोनवाले नव्हते.

सप्टेंबर १९५५ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसला नव्या पंचकासाठी टेनर हवा होता. त्याची पसंती सनी रोलिन्सला होती, तो मिळेना. ड्रमर फिली जो जोन्सने आपल्या गावच्या कोल्ट्रेनचं नाव सुचवलं. (हाच रोलिन्स पुढे साठच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत पवईच्या आश्रमात येऊन राहिला. त्या बाजूला गेले की मला हटकून त्याची आठवण होते.) कोल्ट्रेन नुकताच एकोणतीस वर्षांचा झाला होता. त्याआधी त्याचं नाव फिलाडेल्फियातल्या वादकांबाहेर कोणाला फारसं माहीत नव्हतं. आणि माहीत झाल्यावरही सुरुवातीला बऱ्याच समीक्षकांना तो आवडला नाही. सूर कडक, वाक्यं अर्धवट, असं ते लिहीत. तरी माइल्सने त्याला ठेवून घेतलं.

एकोणिसाव्या वर्षी उशीर झाला असं सांगणाऱ्यांना हे वर्ष सांगा. १९५५.

प्रश्न : पार्कर हेरॉइन घ्यायचा, कोल्ट्रेन घ्यायचा. आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणतात, की नशेशिवाय असं वाजवणं शक्यच नाही. तुम्ही खरं काय ते लिहाल का?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : लिहिते, आणि हे नीट वाच.

नशेने कोल्ट्रेनला काय दिलं याची यादी छोटी आहे. जॉनी हॉजेसच्या बँडमधली जागा गेली. १९५७ च्या वसंतात माइल्स डेव्हिसने काढून टाकलं. स्टेजवर डुलक्या घेणाऱ्या, मळके कपडे घालून येणाऱ्या माणसाला कोण ठेवणार? पार्कर १२ मार्च १९५५ ला गेला तेव्हा चौतीस वर्षांचा होता.

काढून टाकल्यावर कोल्ट्रेन फिलाडेल्फियातल्या आपल्या घरी गेला. १५११, नॉर्थ थर्टी-थर्ड स्ट्रीट. हे घर त्याने १९५२ मध्ये घेतलं होतं. आज ते राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर झालेलं आहे. तिथे आई होती, पत्नी नाइमा होती. तिथे त्याने हेरॉइन आणि दारू दोन्ही सोडलं. आता तारखा बघ. ३१ मे १९५७ ला स्वतःच्या नावाच्या पहिल्या तबकडीचं रेकॉर्डिंग. जुलैपासून न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’मध्ये पियानोवादक थेलोनियस मंकबरोबर. १५ सप्टेंबरला ‘ब्लू ट्रेन’ या तबकडीचं रेकॉर्डिंग. वर्षही पुरं झालं नव्हतं.

मंकबरोबरचे ते महिने मला त्याच्या आयुष्यातले सगळ्यांत सुंदर वाटतात. तो सकाळी मंकच्या घरी जायचा, त्याला झोपेतून उठवायचा, आणि प्रश्न विचारायचा. मंक बोलून उत्तर देण्याऐवजी पियानोवर बसून वाजवून दाखवायचा. अडलं तिथे थांबायचं, पुन्हा वाजवायचं, समजेपर्यंत. रात्री कार्यक्रमात मंक मधेच पियानो सोडून उठायचा, आणि कोल्ट्रेनला नुसत्या बास-ड्रमवर आपली वाट शोधावी लागायची. तिशीतला, दहा वर्षं व्यवसाय केलेला माणूस पुन्हा विद्यार्थी झाला होता. ते शुद्धीवर असल्याशिवाय होत नाही.

१९५७ मधल्या त्या सुटकेला तो ईश्वरकृपा मानायचा, ‘अ लव्ह सुप्रीम’ या तबकडीवर त्याने स्वतः तसं लिहिलं आहे. तुझ्या ग्रुपमध्ये कोणी खरोखरच घेत असेल, तर त्याला एकटं सोडू नकोस, डॉक्टरकडे घेऊन जा. कोल्ट्रेनच्या घरातही माणसं होती म्हणून तो उभा राहिला.

प्रश्न : कोल्ट्रेन आपलं शास्त्रीय संगीत शिकला होता असं ऐकलं. कितपत खरं?
— एक वाचक, पणजी

उत्तर : गंडा बांधून वगैरे नाही. पण ऐकायचा खूप, आणि मनापासून. पंडित रविशंकरांची त्याची भेट झाली, त्यांच्याकडून त्याने रागांबद्दल समजून घेतलं, आणि १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव रवी ठेवलं. हा रवीही आज सॅक्सोफोन वाजवतो. नोव्हेंबर १९६१ मध्ये त्याने ‘इंडिया’ नावाची रचना बसवली, त्यात दोन बास आहेत आणि खाली एकच सूर टिकून राहतो. त्यावर सोप्रानो, म्हणजे आल्टोहूनही वरच्या सुरांचा सॅक्सोफोन आपल्या सनईसारखा वाटतो. पुढे अजून शिकायचं ठरत होतं, पण १७ जुलै १९६७ ला यकृताच्या कर्करोगाने तो गेला. वय अवघं चाळीस.

त्यात राग शोधायला मात्र जाऊ नका. सापडणार नाही, आणि शोधण्याच्या नादात जे आहे ते निसटेल.

प्रश्न : मी आयुष्यभर नाट्यसंगीत आणि ख्याल ऐकला. तुमचं वाचून कोल्ट्रेन ऐकावासा वाटतो, पण जॅझ डोक्यावरून जातं. कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ‘नाइमा’पासून. पत्नीच्या नावाची, संथ, चार-पाच मिनिटांची रचना, १९५९ ची. बासवर एक सूर बराच वेळ धरलेला असतो, तुमच्या कानाला ते अनोळखी वाटणार नाही. विलंबित ऐकता तसं ऐका, काही होण्याची वाट न पाहता.

मग मंकबरोबरचा २९ नोव्हेंबर १९५७ चा कार्नेगी हॉलचा कार्यक्रम. ही फीत वॉशिंग्टनच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये जवळजवळ अर्धशतक पडून होती, २००५ मध्ये सापडली. सूर भरभर आले तर घाबरू नका, तानेच्या अंगाने ऐका. एकेक सूर वेगळा धरायचा प्रयत्न केला तर दमाल.

‘जायंट स्टेप्स’ शेवटी. इथे सँडोलकडचा अभ्यास दिसतो. सप्तकाचे तीन सारखे भाग केले तर तीन षड्ज मिळतात, ही रचना त्या तिघांमध्ये फिरत राहते. एका षड्जावर स्थिरावतो न स्थिरावतो तोच दुसरा, आणि लय अतिशय द्रुत. कोल्ट्रेनने यावर आधी किती घाम गाळला असेल ते ऐकताना कळतं. मे १९५९ च्या त्या रेकॉर्डिंगमध्ये पियानोवर टॉमी फ्लॅनगन होता. उत्तम वादक, पण त्याची पाळी आली तेव्हा तो अडखळतो, सूर तुटक होतात, शेवटी नुसते स्वरगुच्छ धरून ठेवतो. कोल्ट्रेनने ती फीत तशीच प्रसिद्ध केली. फ्लॅनगनने ही रचना सोडली नाही. १९८२ मध्ये कोल्ट्रेनच्या आठवणीसाठी केलेल्या स्वतःच्या तबकडीत त्याने ती पुन्हा वाजवली, अगदी मोकळ्या हाताने. दोन्ही एकाच बैठकीत ऐका, आधी १९५९ ची.